कान तुटलेला कप

आमच्या शाळेतल्या शिपायाची बायको मागच्या महिन्यात यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन आली आणि छातीच्या फोटोत डाग निघाला. परत आल्यावर ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, पण आत येईना. मी म्हटलं, "ये की." तर म्हणाली, "नाही बाई, तुमच्या लेकराले लागन." मग मीच बाहेर आले, ओट्यावर तिच्यापासून चार हात लांब बसले आणि मला आठवत होतं ते सगळं तिला सांगितलं. जाताना ती म्हणाली, "हे लिहून ठेवा नं बाई. मले वाचता येत नाही, पण घरचे वाचून दाखवतीन."

म्हणून लिहिते आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी माझी फजिती सांगणार आहे, आणि सोबत एक प्रश्न, जो मला आजपर्यंत सुटलेला नाही.

फोटोचा दिवस

मी ढाणकीच्या शाळेत दुसरीचा वर्ग घेत होते. दोन महिने खोकला होता, आणि आम्ही सगळा दोष खडूच्या धुळीला देत होतो. एक दिवस पाढे म्हणून घेताना खोकल्याची उबळ आली आणि पदरावर रक्त दिसलं. चाळीस पोरं बघत होती. मी पदर खोचला आणि तेराचा पाढा पुरा करून घेतला. स्वभावच तसा. घर जळत असलं तरी मी आधी चूल सारवून घेईन.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीनं आम्ही यवतमाळला गेलो. आमचे हे बाजारात शिलाईचं मशीन चालवतात. त्या दिवशी त्यांनी माझा हात पुसदपर्यंत सोडला नाही, एरवी चारचौघांत ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरला. म्हणाले, "क्षय आहे. उजवीकडे वर. आता बरा होतो, घाबरू नका. पण वॉर्डात खाट रिकामी व्हायला दोन महिने लागतील. तोवर इंजेक्शनं गावी घ्या." मग घरी कसं वागायचं ते सांगू लागले. पहिलंच वाक्य होतं, "यांचा कप-पेला वेगळा ठेवा."

त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, मी मान डोलावत होते.

याचं कारण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी लहान असताना आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर भिंतीत एक कोनाडा होता. त्यात आमच्या लोकांसाठी तीन कप पालथे ठेवलेले असत, तिन्ही कान तुटलेले. आपला आपण घ्यायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, आपला आपण धुवायचा, पुन्हा पालथा ठेवायचा. बाबांबरोबर मी तिथे चहा प्यायलेली आहे. एकदा काठाच्या टवक्यानं ओठ कापला, तर बाबा म्हणाले, "हळू पे." दुसरं ते काय म्हणणार होते?

छपन्न साली आम्ही धम्म घेतला. त्याच आठवड्यात यांनी ढाणकीच्या बाजारातून सहा चिनी मातीचे कप आणले, एकेकाचा कान ओढून, तपासून. आमच्या घरात कोणता कप कोणाचा असं कधी नव्हतं. पाव्हणा येवो, पोस्टमन येवो, हाताला लागेल तो कप.

तर दवाखान्याबाहेर येताच हे लिंबाखाली थांबले आणि म्हणाले, "आपल्या घरात येगळा कप निंघणार नाही. मंग काय व्हायचं ते होवो." मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मोटारीत मी तोंड खिडकीकडे करून रडले. आज ते आठवलं की लाज वाटते.

सासूबाई एकदा म्हणाल्या, "माय, डागदर म्हणते तं आयकावं माणसानं." आम्ही दोघांनीही त्यांना गप्प केलं. "आई, ते दिवस गेले," असं मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

माझी सुजाता तेव्हा अडीच वर्षांची होती. माझ्या कपातला शेवटचा घोट तिचा, हा आमचा रोजचा करार होता. दुपारी ती माझ्या कुशीत, तोंडाला तोंड लावून झोपायची. ते दोन महिने आमचं सगळं तसंच चालू राहिलं.

पाच नंबर

बायकांच्या वॉर्डात बारा खाटा, समोर लांब व्हरांडा. सकाळी इंजेक्शन, त्यानं डोकं गरगरायचं. मग मोठ्या पांढऱ्या गोळ्या, त्यांनी मळमळायचं. झाकणाची थुंकदाणी उशाशी. आणि उरलेला दिवसभर पडून राहायचं, हेच औषध. ज्या बाईला रिकामे हात म्हणजे पाप वाटतं, तिला यापेक्षा मोठी शिक्षा कोणती?

ह्यांनी घरून सहातला एक कप माझ्यासाठी आणला होता. वाटेत मोटारीच्या धक्क्यानं त्याचा कान तुटला. पिशवीतून त्यांनी तो बाहेर काढला आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत बसलो. मी म्हटलं, "फेकून द्या."

"फेकायचा नाही," सिस्टर मागून म्हणाली. "कप बरा आहे. इथे प्रत्येकीचा कप वेगळाच असतो." आणि तिनं लाल रंगानं त्यावर माझ्या खाटेचा पाचचा आकडा काढला.

मी व्हरांड्यातल्या फळीकडे पाहिलं. पाटलांच्या सुनेचा कप वेगळा, वकिलाच्या आईचा कप वेगळा, माझ्या शेजारच्या खाटेवरच्या सोनाबाईचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेलाही वेगळा. बाराही पालथे, एका ओळीत. मला हसू आलं, आणि हसण्यातून खोकला.

सोनाबाई दिग्रसकडच्या तांड्यावरची, माझ्या आईच्या वयाची. हातातली हस्तिदंती बलोती, दंडापर्यंतच्या त्या बांगड्या, सिस्टरनं उतरवून ठेवली होती, म्हणून तिला सारखं हात उघडे वाटायचे. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "काहून हासून राह्यली व? इथं तं सारे रडत येते."

दहापर्यंत

आमच्या वस्तीवर पौर्णिमेला एक भंते यायचे. त्यांनी यांना श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं होतं. आत येतो तो पाहायचा, बाहेर जातो तो पाहायचा, दहापर्यंत मोजायचं, पुन्हा एकपासून. हे रविवारी भेटायला येत आणि व्हरांड्याच्या जाळीबाहेरून मला बोटं मोजून ते शिकवत, मी दुसरीतल्या पोरांना शिकवते तसं.

मी म्हटलं, "श्वासच तर माझा वैरी झालाय. त्याच्याकडे काय बघू?"

"पाहून तं पाह्य," हे म्हणत.

तिसऱ्या श्वासाला खोकला यायचा. सोनाबाई पडल्या पडल्या हसायची. "तुहा नवरा दहापर्यंत मोजाले सांगते? मले तं अजून चारच्या वर जमलं नाही." तीसुद्धा गुपचूप मोजत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

मी नाद सोडून दिला असता. पण पावसाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी हे आले ते खाली मान घालून. "सुजाताले ताप येऊन राह्यला. मानेले गाठ आली."

"कपामुळे?" मी विचारलं.

त्यांनी औषधाची चिठ्ठी जाळीपुढे धरली. ढाणकीच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं, महिनाभर औषध देऊन पाहू. मग पावसानं रस्ते तुटले, मोटारी बंद पडल्या आणि तिला यवतमाळला आणणं लांबत गेलं. त्या दिवसांत मला स्वतःच्या मरणाची भीती राहिली नव्हती. एकच घोर होता, माझ्या ताठ्यानं मी माझ्या लेकीला मारलं का?

कप धुणं

आपला कप उकळत्या पाण्यातून काढायचा आणि व्हरांड्यातल्या नळावर धुवायचा, हे काम प्रत्येकीचं असे. मी ते प्रायश्चित्तासारखं करू लागले. आतली बाजू, काठ, बूड, आणि कान जिथे होता तिथली दोन खडबडीत टोकं. त्या टोकांवरून बोट फिरवताना मन सुजाताच्या मानेकडे धावायचं. त्याला परत टोकांवर आणायचं. पुन्हा धावायचं, पुन्हा आणायचं. श्वासावर जे जमलं नाही ते तिथे थोडं थोडं जमू लागलं. शांत वगैरे काही वाटत नव्हतं. कप हातात असेपर्यंत तो घोर तेवढा कमी व्हायचा.

पोळा होऊन गेला होता. एका सकाळी मी नेहमीसारखा नळाखाली कप धरला होता. पाणी काठावरून ओसंडत होतं. आत कोणीतरी खोकत होतं, रस्त्यावरून रिकामी बंडी खडखडत चालली होती. आणि हे सगळं जिला ऐकू येत होतं, ती बाई तिथे नव्हती. कसं सांगू? पाणी होतं, कप होता, खोकला होता. खोकला माझा की दुसरीचा, हे ठरवायला कोणी नव्हतं. भीती नव्हती. आनंद म्हणावा, तर तो ज्याला व्हायचा असंही कोणी नव्हतं. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

"पाच नंबर! नळ बंद करा, टाकी रिकामी कराल!"

सिस्टरच्या त्या हाकेबरोबर सगळं परत आलं, आणि सगळ्यांत आधी आली सुजाता. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. जे खरं वाटलं ते लिहिते. तेवढा वेळ मला आजारी मुलगी नव्हती. ही कसली आई, असं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही वाटलं, की ते पुन्हा व्हावं.

मग त्यासाठी मी कप दिवसातून दहा-दहा वेळा धुऊ लागले. डोळे मिटून, डोळे उघडून, मोजून, न मोजता. हाताची कातडी फाटली, पण ते परत काही आलं नाही. सोनाबाई म्हणाली, "बाई, आता कप झिजून जाईन."

जपानचे पाहुणे

ह्यांना सांगितलं तर त्यांचा चेहरा ते सहा कप आणले त्या दिवशीसारखा झाला. "अवो, हेच असन ते! भंते ज्याच्याबद्दल सांगतात नं!" आणि पंधरा दिवसांनी ते भंतेंना घेऊनच आले. भंतेंबरोबर जपानहून आलेले एक भिक्खू होते. ठेंगणे, करड्या चिवरातले, हातात काळी छत्री. आपल्या पालीतलं 'झान', म्हणजे ध्यान, चीनमार्गे त्यांच्याकडे गेलं आणि त्याचं झेन झालं, असं भंतेंनी सांगितलं. त्यांच्याकडे लोक भिंतीकडे तोंड करून वर्षानुवर्षं बसतात, एखाद्याला कधीतरी एकदम उजाडतं म्हणे.

ते व्हरांड्याच्या टोकाला स्टुलावर बसले, मी दुसऱ्या टोकाला. वर्गात उलटतपासणी घेते तसं मी सरळ विचारलं. "रोज लक्ष देऊन कप धुतला म्हणून हे झालं का? आणि तुमच्याकडचे लोक ज्यासाठी बसतात, ते हेच का?"

भंतेंनी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी खुणेनं कप मागितला. तो हातात फिरवला, तुटक्या टोकांवर बोट ठेवलं. मग थोडकं बोलले. भंते ते मराठीत सांगताना अवघडले होते.

"ते म्हणतात, माझे गुरू असते तर त्यांनी सांगितलं असतं. मला सांगता येत नाही. मी बावीस वर्षं बसतो आहे. मला असं एकदाही झालेलं नाही."

हे माझ्याकडे बघायला तयार नव्हते. मी चिडून विचारलं, "मग तुम्ही करता काय?"

"ते म्हणतात, मी विहाराचं अंगण झाडतो. पहिली दहा वर्षं ते यावं म्हणून झाडत होतो. आता पानं पडतात म्हणून झाडतो."

उठताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि कप स्वतःच्या हातानं फळीवर ठेवला. मला त्यांचा रागच आला होता. इतक्या लांबून माणूस आला आणि 'माहीत नाही' सांगून गेला. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, की वर्षभरात मला बरं वाटावं म्हणून जो खोटं बोलला नाही असा तो एकच पाहुणा होता.

सोनाबाईनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "इतकं काय त्याच्यात? पेरलं म्हणून पाणी येत नाही, बाई. पाणी आपल्या मनानं येते. पण पाणी आलं अन् वावरात पेरलंच नसन, तं तणच उगवते."

सुजाताचा फोटो

रस्ते सुरू झाल्यावर हे सुजाताला घेऊन आले. मी जाळीच्या आत, ती बाहेर. सहा महिन्यांत ती उंच झाली होती आणि बापाच्या धोतरामागे लपून माझ्याकडे बघत होती. मी हाक मारली तर तिनं बापाला विचारलं, "हे कोन हाये?" मी जाळीला धरून उभी राहिले. बसले असते तर उठता आलं नसतं.

दुपारी डॉक्टर आले. "गाठ क्षयाचीच आहे. छाती ठीक आहे. वर्षभर गोळ्या द्या, बरी होईल. लहान मुलं लवकर बरी होतात."

मी म्हटलं, "माझ्या कपातून झालं."

"कपातून?" ते म्हणाले. "कपातून होणं अवघडच. हा रोग खोकल्यातून, श्वासातून जातो. कप तर मी जाता जाता सांगितला होता. त्यानंतरच मुख्य ते सांगितलं ना! मूल जवळ झोपवू नका. खोकताना तोंडावर पदर धरा. घराच्या खिडक्या उघड्या ठेवा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे बघत होते. "असं म्हणले होते तुम्ही?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. आम्ही दोन माणसं त्या खोलीत होतो, धडधाकट कानांची, आणि दोघांनीही ते ऐकलं नव्हतं. आम्ही कपाशी भांडलो आणि लेकीला दोन महिने माझ्या तोंडाजवळ निजवलं. दोष आमचाच होता. पण तो हॉटेलाबाहेरचा कोनाडा आमच्या आत इतका खोल बसला होता, हेही खरं आहे. ज्यांनी तो बांधला त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

मला लोक विचारतात, रोजचं लक्ष देणं आणि ते नळाखालचं, यांचा संबंध काय? मला एवढंच कळतं. नळाखाली जे झालं ते खोटं नव्हतं. त्या सकाळनंतर मरणाची भीती मला पूर्वीसारखी कधी वाटली नाही. पण त्याच्या बदल्यात त्या पहिल्या दिवशी डॉक्टरांची पुढची तीन वाक्यं नीट ऐकण्याइतकं लक्ष मला मिळालं असतं, तर मी ते आनंदानं देऊन टाकलं असतं. लेकीची मान त्या उजेडानं वाचली नसती. साध्या ऐकण्यानं वाचली असती.

म्हणून शिपायाच्या बायकोला मी सांगितलं, डॉक्टर बोलतील तेव्हा एकेक वाक्य उलट म्हणून दाखव. माझ्या वर्गातली पोरं म्हणतात तसं.

घरी

अकराव्या महिन्यात माझी थुंकी तीनदा साफ निघाली आणि मला घरी सोडलं. सोनाबाईला अजून दोन महिने काढायचे होते. तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. सासूबाईंनी चहा ठेवला. सुजाताच्या मानेवरची गाठ हरभऱ्याएवढी उरली होती. माझी पिशवी तिनं उचकली, लाल पाच लिहिलेला कप काढला आणि चुलीपासून लांब, कोपऱ्यात नेऊन पालथा ठेवला. मग माझ्यापुढे बोट नाचवून म्हणाली, "हा आईचा. याले कोनी हात नाही लावाचा."

सासूबाईंनीच शिकवलं होतं. आम्हाला सुचलं नाही तेव्हा त्यांना सुचलं होतं, त्यांना मी काय बोलणार? पण तो कान तुटलेला कप त्या कोपऱ्यात पालथा पडला होता, हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यातल्यासारखा.

मी तोच कप उचलला आणि त्यात चहा घेतला. शेवटचा घोट राहिला तेव्हा कप सुजातापुढे धरला. ती हलली नाही. तिनं आजीकडे पाहिलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"डागदर काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं, चौथं, त्याच क्रमानं. थुंकी साफ आहे. मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही. कप वेगळा नसला तरी चालेल. गोळ्या मात्र दोघींनीही एक दिवस चुकवायच्या नाहीत. यांनी दारातून मान डोलावली. त्यांनीही ऐकलं होतं.

"मंग पे," सासूबाई सुजाताला म्हणाल्या.

कान नव्हता म्हणून तिनं कप दोन्ही हातांनी धरला. तिची बोटं त्या दोन खडबडीत टोकांवर आली. मी तिच्या गळ्याकडे बघत होते, घोट खाली उतरेपर्यंत. नळाखालच्या त्या सकाळी सगळं होतं, फक्त मी नव्हते. इथे मी होते, माझ्या भीतीसकट, आणि मला दुसरीकडे कुठेही जायचं नव्हतं.

सुजातानं रिकामा कप माझ्या हातात दिला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आई, साखर कमी हाये."